दोन दाती गाडी

आमच्या बँकेत खोडरबराला बंदी आहे. आता सगळं संगणकावर गेलं असलं तरी व्हाउचरवर आणि रजिस्टरवर हाताने आकडे लिहावेच लागतात, आणि त्यात चूक झाली तर ती खोडायची नसते. खालचा आकडा वाचता येईल अशी तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. म्हणजे चूक केली ती केली, वर तिच्याखाली स्वतःचं नावही लिहायचं! वीस वर्षं ही शिस्त पाळल्यामुळे माझा असा समज झाला होता की, जगात जिथे जिथे आकडा आहे तिथे तिथे त्याच्या शेजारी कुणाची तरी सही असते. हा समज मला दोन लाख पंच्याऐंशी हजार रुपयांना पडला. दुरुस्तीचा खर्च वेगळा.

गाडी घ्यायचं कारण आई. मी नोकरीला नांदेडात आणि आई लातूरच्या घरात. वडील गेल्यावर तिला नांदेडला आणायचे सगळे प्रयत्न मी करून पाहिले. पण तिचं एकच पालुपद, "नांदेडच्या पाण्याला चव न्हाई." आता, ज्या गावाला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यावं लागलं, त्या गावच्या बाईने गोदावरीकाठच्या पाण्याला नावं ठेवावीत, याला काय म्हणावं? पण आईपुढे भूगोल चालत नाही. तेव्हा दर आठवड्याला मीच चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा अशी गावं उलटसुलट मोजत एस.टी.ने ये-जा करायचो. जाऊन-येऊन सुमारे दोनशे नव्वद किलोमीटर. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सौ. म्हणाली, "एखादी जुनी गाडी का घेत नाही?" 'जुनी' हा शब्द तिने माझ्याकडे बघून उच्चारला, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

२०२१ ची दिवाळी तोंडावर आली होती. लातुरातल्या एका व्यापाऱ्याच्या आवारात पंचवीस-तीस गाड्या धुऊनपुसून उभ्या होत्या. त्यातली एक २०१३ ची डिझेल गाडी माझ्या मनात भरली. व्यापाऱ्याने ते ताडलं आणि म्हणाला, "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे. एकहाती. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर."

जुन्या गाड्यांच्या बाजारात मी पुढे बराच काळ घालवला, आणि माझी अशी खात्री झाली आहे की विकायला निघालेली प्रत्येक गाडी ही डॉक्टरांची असते. वकिलाची, ठेकेदाराची किंवा वडापची गाडी मी अजून पाहिलेली नाही. मराठवाड्यात डॉक्टरांची टंचाई आहे अशी ओरड का होते कळत नाही. विकल्या जाणाऱ्या गाड्या मोजल्या तर माणशी एक डॉक्टर सहज पडेल.

मीटरवर आकडा होता ४८,३१२. मी फिदा झालो तो त्या शेवटच्या तीनशे बारावर. पन्नास हजार किंवा पंचेचाळीस हजार असता तर मला शंका आली असती. गोल आकड्याकडे बँकेतला माणूस नेहमी संशयाने पाहतो. पण तीनशे बारा! असा बिनकामाचा, अडनिडा आकडा कोण कशाला मुद्दाम ठेवील? शिवाय मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. लगेच मनात भागाकार केला. आठ वर्षांत ४८,३१२, म्हणजे वर्षाला सहा हजार, दिवसाला साडेसोळा किलोमीटर. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर! हिशेब इतका चपखल बसला की मी व्यापाऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्यानेही माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्याच्या कौतुकाचं कारण मला पुढे दीड वर्षाने समजलं.

गाडी दारात आणली. आईने हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग गाडीला एक फेरी मारली. आई उदगीरकडची. तिचे वडील हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात मुरलेले. देवणी असो की लाल कंधारी, जनावर नुसतं उभं राहिलेलं पाहून त्याची पत सांगणारे. पोरवयात ती त्यांच्याबरोबर बाजाराला जायची. तिने दार उघडून आत डोकं घातलं, पायापाशी निरखून पाहिलं आणि विचारलं, "किती दाती हाय म्हनले?"

"आई, गाडी आहे ही."

"ते दिसतंय मला. पायाखालचं रबर बग की. गुळगुळीत झालंय. आन् हे फिरवायचं चाकबी चकाकायलंय. लई नांगराला चाललेलं दिसतंय जनावर."

मी हसलो. सौ.ही हसली. अठ्ठेचाळीस हजारांत क्लचचं रबर गुळगुळीत होत नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ज्यांना बैलबाजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बैलाचं वय दातांवरून ओळखतात. दुधाचे दात पडून मोठे दात जोडीजोडीने येतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळलेला. दोन दाती म्हणजे कोवळा, अजून सगळं आयुष्य पुढे असलेला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे जो वरचा ओठ उचलून बघतो तो गिऱ्हाईक नवशिका, हे व्यापारी लांबूनच ओळखतो आणि रुमालाखाली भाव वाढवतो. मग शिंगं तासून त्यांना तेल लावणं, अंगाला तकाकी आणणं, दात घासणं, हे सगळे उद्योग आलेच. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांचंही तेच. आई म्हणते, तिचे वडील दात बघायचे, पण दातांवर विसंबायचे नाहीत. जनावराला चार पावलं चालवायचे, खूर बघायचे, मानेवरचा घट्टा चाचपायचे. थोडक्यात, मी ज्या बाजारात वरचा ओठ उचलून पाहिला त्या बाजाराचं सगळं शास्त्र आमच्या घरात होतं, फक्त ते दुसऱ्या खोलीत बसलेलं होतं.

दीड वर्ष गाडी गुणी मुलासारखी वागली. मग २०२३ चा मे महिना आला. आईचा मोतीबिंदू पिकला होता आणि नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये ऑपरेशनची तारीख मिळाली होती. सकाळी निघायचं ते आईच्या पूजेमुळे अकरा वाजले. अहमदपूर सोडलं, रस्ता मोकळा होता, मागे एक मालट्रक येत होता. आई मागच्या सीटवर डोळे मिटून जप करत होती. आणि अचानक इंजिनात काहीतरी कडाडलं आणि सगळं शांत झालं.

इंजिन बंद पडलं की गाडी नुसती थांबते असं मला वाटत होतं. तसं नसतं. स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकही एक-दोन दाबांनंतर घट्ट होतो, पाय रोवून उभं राहिल्यासारखा दाबावा लागतो. मागच्या ट्रकवाल्याला यातलं काहीच कळायचं कारण नव्हतं. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आरशात फक्त त्याची जाळी दिसत होती, तिच्यावर बांधलेली लिंबू-मिरची दिसत होती. मी दोन्ही हातांनी ते चाक ओढत गाडी कशीबशी रस्त्याच्या खाली उतरवली आणि ट्रक खेटून पुढे निघून गेला. किती अंतराने गेला ते मी मोजलं नाही. आयुष्यात काही आकडे न मोजलेलेच बरे.

आईचा जप थांबला नव्हता. तो संपल्यावर तिने विचारलं, "आलं का नांदेड?"

अहमदपूरहून मिस्त्री येईपर्यंत आम्ही एका लिंबाखाली बसलो. आईने डबा सोडला, मला दोन दशम्या खायला लावल्या. मिस्त्री म्हातारा, अनुभवी. त्याने बॉनेट उघडलं, हात घातला आणि डोकं हलवलं. "साब, टायमिंग बेल्ट तुटा. वॉल भी गए."

"असं कसं? पुस्तकात लिहिलंय बेल्ट एक लाखाच्या आसपास बदला. आपले तर आत्ता ६८,९०० झालेत!" मी मीटर दाखवला, पावती दाखवावी तसा.

त्याने मीटरकडे बघितलं नाही. वाकून पायाखालच्या रबराकडे बघितलं. नेमकं आईने बघितलं होतं तिथेच! म्हणाला, "मीटर क्या बोलता छोडो. गाडी को पूछो."

आई लिंबाखालून म्हणाली, "मी तवाच म्हनले हुते."

गाडी ओढत नांदेडला नेली. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या मुलीने गाडीचा नंबर टाकला आणि पडद्यावर तिची कुंडली आली. मार्च २०१८, सर्व्हिसिंग, मीटर १,०६,५४०. त्यानंतर नोंद नाही. म्हणजे २०१८ साली जी गाडी एक लाख सहा हजार चालून झाली होती, ती २०२१ साली माझ्याकडे अठ्ठेचाळीस हजार घेऊन आली. मधल्या तीन वर्षांत ती गाडी निदान अठ्ठावन्न हजार किलोमीटर मागे चालत होती. त्या मुलीने अत्यंत कनवाळूपणे विचारलं, "सर, घेण्याआधी विचारलं नव्हतं का? आम्ही सांगितलं असतं की." दुरुस्ती बावन्न हजार. आईचं ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं आणि तेवढे दिवस ती नांदेडचं पाणी पिऊन राहिली, ते दुःख वेगळंच.

मी तडक लातूर गाठलं. व्यापाऱ्याने चहा मागवला. "साहेब, आमच्याकडं आली तवा एवढंच हुतं बघा," असं म्हणून त्याने माझ्या पावतीची दुसरी प्रत काढली. तिच्यावर किलोमीटरचा आकडा कुठेच नव्हता. होतं ते एवढंच : 'गाडी पाहून, तपासून, पसंत करून घेतली. नंतर तक्रार चालणार नाही.' आणि खाली सही. माझी. या सगळ्या प्रकरणात सही अशी एकच सापडली, आणि ती गिऱ्हाइकाची होती.

त्यानंतर महिनाभर मी या विषयावर जे हाताला लागेल ते वाचलं. फसलेल्या माणसाइतका अभ्यासू विद्यार्थी दुसरा नाही. पूर्वीच्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं असत. ती मागे फिरवायला मीटर खोलावं लागे, तास न् तास जात, आणि चाकं नीट बसली नाहीत तर आकडे एका ओळीत न राहता पंगतीतल्या पोरांसारखे वरखाली दिसत. म्हणजे चोरीला निदान मेहनत तरी होती. नवं मीटर आलं तेव्हा लोकांना वाटलं, आता कुणाची बिशाद! पण मीटर म्हणजे नुसती काच; खरा आकडा मागे नखाएवढ्या चिपमध्ये लिहिलेला असतो, आणि लॅपटॉपची वायर जोडून तो दहा मिनिटांत बदलता येतो. गंमत अशी की, पुष्कळ गाड्यांत तो आकडा फक्त तिथेच नसतो. इंजिनाच्या संगणकात असतो, काहींत ब्रेकच्या संगणकातही असतो. मीटरवाला काचेमागचा बदलतो आणि बाकीचे बऱ्याचदा तसेच राहतात. हे वाचून मला बरं वाटलं. एका खात्यात खाडाखोड करून दुसरं खातं विसरणारे आमच्याकडेही पकडले जातात ते असेच.

अंतर मोजायची विद्या मात्र जुनी. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाने दोन हजार वर्षांपूर्वी अशा गाडीचं वर्णन केलं आहे. चाकाच्या चारशे फेऱ्या झाल्या की एक मैल, आणि दर मैलाला एक खडा टणकन डब्यात पडायचा. संध्याकाळी खडे मोजायचे. त्याने डब्याला कुलूप होतं की नाही ते लिहिलेलं नाही, पण त्याही काळी रथ विकायच्या आदल्या रात्री मूठभर खडे काढून घेणारा कुणीतरी असणारच. अमेरिकेत या कामासाठी १९७२ पासून वेगळा कायदा आहे. तरीही क्रायस्लरसारख्या बड्या कंपनीचे अधिकारी नव्या गाड्या मीटरची जोडणी काढून वापरायचे आणि मग त्या कोऱ्या म्हणून विकल्या जायच्या. १९८७ साली हे उघडकीला आलं आणि कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांना जाहीर माफी मागावी लागली. मला मनापासून आवडला तो बेल्जियम. तिथे २००६ पासून गाडी गॅरेजात गेली की तिचे किलोमीटर एका ठिकाणी नोंदवले जातात, आणि विकताना त्या नोंदींचं प्रमाणपत्र गाडीबरोबर द्यावंच लागतं. म्हणजे गाडीला पासबुक! आपल्या आर.सी.वर इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, रंग असतो, किती माणसं बसतील तेही असतं. किती किलोमीटर चालली, याला मात्र रकानाच नाही.

असो. २०२५ च्या दिवाळीत मी ती गाडी विकायची ठरवली. इथून पुढची हकिगत मी सौ.लाही पूर्ण सांगितलेली नाही.

तेव्हा मीटर होतं ९६,९००. लाखाच्या आत. मला माहीत असलेला खरा आकडा निदान १,५५,१२८. 'निदान' म्हणायचं कारण, २०१८ ते २०२१ या तीन वर्षांत ती किती चालली हे देवालाच ठाऊक, आणि त्या डॉक्टरांना. मी लातूरच्या एका वकील मित्राकडे गेलो. म्हटलं, "मी मीटरला हात लावलेला नाही. जे दिसतंय ते दिसतंय. मी गप्प बसून विकली तर?"

"तुला खरा आकडा माहीत आहे?"

"आहे. वर्कशॉपचा कागदच आहे."

"मग लेका, तू फसवणूक करतोयस. अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपवणं हीसुद्धा फसवणूकच. मीटर बिघडलं म्हणून बदललं आणि तसं समोरच्याला सांगितलं, तर भानगड नाही. भानगड लपवण्यात आहे. मीटरसाठी म्हणून आपल्याकडे वेगळा कायदा नाही, पण हे कलम पुरेसं आहे. सात वर्षांपर्यंत आत."

"चारशेवीस?"

"तुला ज्याने फसवलं त्याला चारशेवीस. ते २०२१ चं. तू आता फसवशील तर तुला तीनशे अठरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली."

मला त्या क्षणी शिक्षेपेक्षा भाषेचं वाईट वाटलं. चारशेवीस ही केवढी भरघोस, घरगुती शिवी! राज कपूरने १९५५ साली तिच्यावर अख्खा सिनेमा काढला. आता एखाद्याला 'अरे तीनशे अठरा!' म्हटलं तर तो आपला लॉजमधला खोली क्रमांक समजेल.

"बरं, मग निदान त्या व्यापाऱ्यावर ग्राहक आयोगात तरी जाऊ? फीसुद्धा पडत नाही म्हणतात."

"पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला पडत नाही. पण मुदत दोन वर्षं. तुला कळलं मे २०२३ मध्ये. आज काय आहे?"

आज ऑक्टोबर २०२५ होता. काउंटरवर बसून लोकांना 'मुदत संपली' असं मी वीस वर्षं सांगत आलो आहे. "उशिराचं सबळ कारण दिलं तर माफ होतं," वकील म्हणाला, "पण आळस हे त्यात बसत नाही." आणि जाता जाता वर म्हणाला, "१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आर.टी.ओ.ची अधिकृत मान्यता घ्यावी लागते, ताब्यातली गाडी कुठे, किती चालवली त्याची नोंद ठेवावी लागते. तू थोडी घाई केलीस."

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? मी नांदेडला आलो आणि एका ओळखीच्याच्या ओळखीने मीटर मागे घेणाऱ्याकडे गेलो.

मी का गेलो, याचं समर्थन करत नाही. मनात हिशेब चालू होता. मला फसवलं, बावन्न हजारांना बुडवलं, आईसकट ट्रकखाली जायची वेळ आली, आणि आता खरं बोलण्याचा भुर्दंडही मीच सोसायचा? मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान होतं, त्याच्या मागच्या बाजूला विशीतला एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसला होता. अडीच हजार म्हणाला. मी तिथेही भागाकार केला. पंचेचाळीस हजार किलोमीटर मागे जायला किलोमीटरला साडेपाच पैसे! पुढे जायला डिझेलच पाच रुपयांचं लागतं. इतका स्वस्त प्रवास मी जन्मात केलेला नाही.

मी घुटमळतोय हे पाहून पोरगा म्हणाला, "त्यात काय सर, सगळेच करतेत. केसं न्हाई का आपन काळी करत?" असं म्हणताना तो माझ्या कानशिलाकडे बघत होता. तिथे दर तिसऱ्या आठवड्याला खरा आकडा वर येतो.

मी निरुत्तर झालो. आणि मला वडील आठवले. वडिलांचा जन्मदिवस १ जून. काकांचा १ जून. त्यांच्या शाळेतल्या निम्म्या मास्तरांचा १ जून. त्या पिढीत खेड्यात जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे. जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापक पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते बघत आणि १ जून टाकून मोकळे होत. वडील ३१ मेला निवृत्त झाले तेव्हा आजी म्हणाली होती, "अजून दोन वर्षं हायेत त्याची." वडिलांचं मीटर गुरुजींनी कुठल्या आकड्यावर ठेवलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे ही परंपरा आमच्या घरात नवी नव्हती. मी जवळजवळ तयार झालो.

पोरट्याने वायर जोडली. पडद्यावर आकडा आला. "किती ठेवू सर?"

हा प्रश्न मला कुणी आयुष्यात विचारला नव्हता. आकडे मला लोक लिहून देतात आणि मी ते तपासतो. "बावन्न?" तो म्हणाला. "बावन्न हजार तीनशे बारा ठेवू? गोल ठेवला की लोकांला शंका येते."

तीनशे बारा! मी चमकलो. आणि घाबरलो की काय कोण जाणे, तोंडातून सवयीने जे निघायचं तेच निघालं, "पावती मिळेल ना?"

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. "पावती?"

"म्हणजे, आधी किती होते, आता किती केले, खाली तुमची सही..."

त्याने वायर उपटली, लॅपटॉप मिटला आणि दुकानाच्या मालकाला हाक मारली. पुढच्या दोन मिनिटांत ते दोघं मला अत्यंत नम्रपणे 'साहेब, इथं असलं काही चालत न्हाई, तुम्हाला कुनी चुकीचं सांगितलं' असं म्हणत गाडीपर्यंत सोडायला आले. मी कुठल्या खात्याचा माणूस आहे असं त्यांना वाटलं ते देव जाणे. मालकाने मोबाईलचं एक कव्हर फुकट दिलं. ते अजून माझ्याकडे आहे, माझ्या फोनला ते बसत नाही.

तेव्हा खरं सांगून विकणं एवढाच मार्ग उरला. त्यात इतका त्रास असतो याची मला कल्पना नव्हती. पहिल्या गिऱ्हाइकाला मी सगळं सांगितलं. मीटर शहाण्णव, पण खरं निदान एक लाख पंचावन्न. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "साहेब, विकनारा मानूस सोता दीड लाख म्हनायलाय म्हंजे खरे अडीच तर असतीलच." आणि निघून गेला. दुसऱ्याने विचारलं, "दीड लाख तुम्ही कामून सांगायलाव? दुसरं काय लपवायचंय?" अपघात झालेली गाडी असावी असा त्याचा तर्क. तिसरा, लांबच्या नात्यातला एक सज्जन, सौ.ला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजींची तब्येत बरी आहे ना?"

शेवटी चाकूरकडचा एक तरुण शेतकरी लातूरच्या घरी आला. त्याला वडिलांना आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिसला न्यायचं होतं. मी सांगू लागलो तर त्याने हात वर केला. आई ओसरीत खुर्चीवर बसली होती. ऑपरेशननंतर तिला आता फारच स्पष्ट दिसतं. ती म्हणाली, "ये बाबा, मी सांगते. जुळलेलं जनावर हाय. लई चाललंय. मंदी एकदा बसलं हुतं, पट्टा नवा टाकलाय. नांगराला घालू नगंस, पर म्हाताऱ्याला न्यायला-आणायला चालंल."

त्याने वाकून पायाखालचं रबर बघितलं, स्टेअरिंगवरून तळवा फिरवला, टायरवर कुठल्या आठवड्यात कुठल्या साली बनलं ते छापलेलं असतं ते वाचलं आणि गाडी चाकूर नाक्यापर्यंत चालवून आणली. मग भाव. मी दीड लाख म्हटलं, त्याने नव्वद हजार म्हटलं. आईने हाताने खूण केली, दोघांनाही गप्प बसवलं आणि एक लाख दहा हजारांवर सौदा मिटवला. तिच्या हातावर पदर होता की नाही ते मी पाहिलं नाही.

पावती मी स्वतः लिहिली. 'मीटरवर दिसणारे किलोमीटर ९६,९००. माझ्या माहितीप्रमाणे प्रत्यक्ष किलोमीटर निदान १,५५,१२८. कारण, मी घेण्यापूर्वी मीटर मागे घेतलेले होते. वर्कशॉपची नोंद सोबत जोडली आहे. टायमिंग बेल्ट मे २०२३ मध्ये बदलला.' खाली सही, तारीख.

त्याने ती वाचली. पुन्हा वाचली. मग जरा अवघडून म्हणाला, "सर, ती दीड लाखाची ओळ तेवढी काढता का? मी शहाण्णव समजून घेतली म्हनून सांगितलंय घरी. बायकोनं वाचली तर माझं खरं न्हाई."

मी म्हटलं, आमच्याकडे खोडरबर नसतं.

तो हसला. मग त्याने पावतीची घडी अशी घातली की ती ओळ नेमकी घडीच्या आत गेली आणि शहाण्णव हजार नऊशे तेवढे वर राहिले. ती खिशात ठेवून त्याने आईला नमस्कार केला आणि किल्ली फिरवली.